बॅरोमीटरचा काटा आणि आपलं आभाळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या दिवाणखान्यात पितळी कड्याचा एक बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारं उपकरण, टांगलेला आहे. येणारा-जाणारा त्याच्याकडे बघून हमखास विचारतो, "काय म्हणतोय, पाऊस आहे का?" सोसायटीतले शेजारी, ट्रेकचे सोबती, कोकणातले नातेवाईक यांनी वर्षानुवर्षं विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर पाचवा प्रश्न आधी वाचा. आपल्याकडे बॅरोमीटर घेणारे बहुतेक जण तिथेच फसतात.

१. हवेचा दाब म्हणजे नेमकं काय?

आपल्या डोक्यावर वरपर्यंत जी हवा आहे, तिचं वजन. समुद्रकाठी हे वजन दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भरतं, म्हणजे चौरस मीटरला सुमारे दहा टन. शरीराच्या आतूनही तितकाच दाब असल्यामुळे ते जाणवत नाही. जाणवतो तो बदल. खंडाळ्याचा घाट चढताना कानाला दडे बसतात आणि मुंबईत घेतलेलं वेफर्सचं पाकीट लोणावळ्यात टम्म फुगतं, कारण पाकिटातली हवा अजून मुंबईचीच असते.

इटलीत टॉरिचेली यांनी १६४३ साली पाऱ्याच्या नळीने हे वजन पहिल्यांदा मोजलं. पाच वर्षांनी फ्रान्समध्ये पास्कल यांनी आपल्या मेहुण्याला पुय द डोम नावाच्या डोंगरावर नळी घेऊन चढायला लावलं. वर पारा खाली उतरला. जितकं वर जावं तितकी डोक्यावरची हवा कमी, हे त्या दिवशी पक्कं झालं.

२. कुठे १०१३ लिहिलेलं असतं, कुठे ७६०, कुठे २९.९२. खरं कुठलं?

तिन्ही खरे आहेत, एककं वेगळी आहेत. समुद्रसपाटीचा प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टापास्कल, म्हणजेच ७६० मिलिमीटर पारा किंवा २९.९२ इंच पारा. जुना मिलिबार आणि आजचा हेक्टापास्कल हे एकच. 'हेक्टा' म्हणजे शंभर, शंभर पास्कल. शेतीविषयक सदरांमध्ये बऱ्याचदा 'हेप्टापास्कल' छापलेलं दिसतं. 'हेप्टा' म्हणजे सात, तेव्हा तो शब्द बरोबर नाही, पण आकडा हेक्टापास्कलचाच असतो. बिनधास्त वापरा.

३. दाब कमी झाला की पाऊस का येतो?

दाब कमी असतो तिकडे आजूबाजूची हवा धावते. चहूबाजूंनी आलेली हवा जमिनीत तर शिरू शकत नाही, मग ती वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते आणि पसरताना गार होते. कोरडी हवा दर किलोमीटरला जवळजवळ १० अंश सेल्सिअसने थंड होते. एका उंचीवर तिच्यातलं बाष्प वाफेच्या रूपात राहू शकत नाही, त्याचे थेंब होतात आणि ढग धरतो. जास्त दाबाच्या जागी उलटं घडतं. हवा वरून खाली बसते, बसताना तापते, ढग विरतात.

पण ही गोष्ट एकाच दिशेने चालत नाही. बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, तिने वरची हवा तापते, विरळ होते आणि खालचा दाब आणखी उतरतो. समुद्रावरचं एखादं फिकट कमी दाबाचं क्षेत्र दोन दिवसांत चक्रीवादळ होतं ते याच चक्रामुळे. त्याला इंधन पुरवतो तो कोमट समुद्र.

मात्र दाब कमी आणि हवा कोरडी असेल तर पाऊस येत नाही. मे महिन्यात राजस्थान आणि पाकिस्तानवर उपखंडातला सगळ्यात कमी दाब असतो आणि तिथे आभाळ निरभ्र असतं. एकट्या दाबावरून पावसाबद्दल छातीठोक बोलणाऱ्यांना हे उदाहरण मी नेहमी देतो.

४. माझ्या बॅरोमीटरचा काटा कायम 'स्टॉर्मी'वरच असतो. बिघडलाय का?

तुम्ही पुण्यात, नाशकात किंवा साताऱ्यात राहत असाल तर बहुधा नाही. तबकडी समुद्रसपाटीसाठी आखलेली असते. जमिनीजवळ दर साडेआठ-नऊ मीटर उंचीला दाब साधारण १ हेक्टापास्कलने उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणून इथला प्रत्यक्ष दाब ९५०च्या आसपास असतो. इंचांत तो २८ भरतो आणि बहुतेक जुन्या तबकड्यांवर २८ इंचांपाशीच 'स्टॉर्मी' लिहिलेलं असतं. महाबळेश्वरला तर दाब ८६५च्या आसपास, काटा तबकडीच्या बाहेरच जाईल.

यावर उपाय म्हणजे काट्याला समुद्रसपाटीवर आणणं. बॅरोमीटरच्या मागे एक छोटा स्क्रू असतो. हवामान विभाग तुमच्या जवळच्या वेधशाळेचा समुद्रसपाटीला आणलेला दाब जाहीर करतो. वारा शांत असलेल्या दिवशी, त्याच वेळेच्या आकड्यावर काटा स्क्रूने आणून ठेवा. वर्षातून एकदा तपासलं तरी पुरतं. मुंबईत विसाव्या मजल्यावर राहणाऱ्यांनीही हे करावं. साठ मीटर उंची म्हणजे जवळपास ७ हेक्टापास्कल होतात.

तबकडीवरच्या 'रेन', 'चेंज', 'फेअर' या शब्दांकडे मात्र दुर्लक्ष करा. ते इंग्लंडच्या हवेसाठी लिहिलेले आहेत. तिथे अटलांटिकवरून एकामागून एक वादळी प्रणाली येतात आणि दोन-चार दिवसांत दाब २०-३० हेक्टापास्कलने खालीवर होतो. १८५९च्या ऑक्टोबरमध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं आणि साडेचारशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर ब्रिटिश हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी तारेने दाबाच्या नोंदी गोळा करून १८६१ साली बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. कोळ्यांच्या गावांत बॅरोमीटर बसवायलाही त्यांनीच पुढाकार घेतला होता. त्या समुद्रावर ते शब्द उपयोगी पडत. मुंबईत जानेवारीतला सरासरी दाब १०१३च्या आसपास आणि ऐन जुलैत १००४च्या आसपास, म्हणजे कोरडा हिवाळा आणि धो धो पावसाळा यांच्यात फरक उणापुरा ९-१० हेक्टापास्कलचा. जुलैत रस्त्यावर गुडघाभर पाणी असतानाही काटा 'चेंज' आणि 'फेअर'च्या मधेच कुठेतरी असतो.

५. सकाळी दहा वाजता १०१० होता, दुपारी चारला १००७ झाला. वादळ येतंय का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते तशी हवेलाही येते. आपल्या अक्षांशांवर सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त असतो, दुपारी चारच्या सुमारास तो उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो आणि पहाटे चारला पुन्हा उतरतो. सकाळी दहा ते दुपारी चार ही उतरण कोरड्या महिन्यांत ३ ते ४ हेक्टापास्कल इतकी असते, पावसाळ्यात थोडी कमी. आभाळ स्वच्छ असो की भरलेलं, ही लाट चुकत नाही. आठवडाभर तासातासाला नोंद करून आलेख काढा, दिवसाला दोन उंचवटे आणि दोन खळगे अगदी एकसारखे दिसतील. पहिल्यांदा असा आलेख काढला तेव्हा मी घड्याळ बाजूला ठेवून नुसत्या दाबावरून वेळ सांगून बघितली होती. ती बऱ्यापैकी जुळली.

समुद्राची भरती मुख्यतः चंद्राची, ही मुख्यतः सूर्याची, आणि तीही त्याच्या ओढीची नसून उन्हाची. वरच्या थरांतला ओझोन आणि खालचं बाष्प ऊन शोषतात, त्यामुळे हवेचे थर रोज तापतात-निवतात आणि त्यातून पृथ्वीभर फिरणारी दाबाची लाट उठते. विषुववृत्ताजवळ ती ठळक असते, ध्रुवांकडे जाताना क्षीण होत जाते. इंग्लंडमध्ये ती जेमतेम १ हेक्टापास्कलची, तिथल्या रोजच्या वादळी चढउतारांत बुडूनच जाते. म्हणून इंग्रजी पुस्तकांत आणि परदेशी ॲपमध्ये 'तीन तासांत ३ हेक्टापास्कल उतरला तर सावध' असा नियम सरसकट दिलेला असतो. तो नियम पुण्या-मुंबईत लावला तर आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या कित्येक दुपारी वादळाचा इशारा मिळेल. माझ्या एका मित्राच्या महागड्या घड्याळात असंच होत असे. रोज दुपारी वादळाची घंटा वाजायची, शेवटी त्याने ती बंद केली. खरं वादळ आलं असतं त्या दिवशीही ती बंदच राहिली असती, आणि मला याचीच काळजी वाटते.

६. मग बदल मोजायचा तरी कसा?

आजच्या आकड्याची तुलना कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी करा. सकाळी साडेआठचा दाब काल सकाळी साडेआठच्या दाबाशी, दुपारचा कालच्या दुपारशी. रोजची लाट दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे ती आपोआप वजा होते आणि उरतो तो हवामानाचा खरा बदल. वेधशाळाही चोवीस तासांतला बदल काढून नकाशावर मांडतात. साडेआठची वेळ मी मुद्दाम सुचवतो. देशभरातल्या वेधशाळा याच वेळी नोंद करतात आणि चोवीस तासांचा पाऊसही साडेआठलाच मोजला जातो, त्यामुळे आपला आकडा त्यांच्याशी ताडून पाहता येतो.

वहीत चार रकाने पुरतात: वेळ, दाब, वाऱ्याची दिशा, आभाळ. वाऱ्याची दिशा वगळू नका, तिचं कारण आठव्या प्रश्नात आहे. एक वर्ष पूर्ण झालं की तुमच्या घराची महिनावार सरासरी तुमच्याच हातात येते.

७. किती उतरला की मनावर घ्यायचं?

उष्ण कटिबंधातल्या समुद्रांसाठी जुन्या नाविक पुस्तिकांमध्ये एक नियम आहे आणि तो आजही टिकून आहे. रोजच्या लाटेचा हिशेब चुकता केल्यावर दाब त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा ३ हेक्टापास्कलने खाली असेल तर नजर ठेवा. ५ किंवा त्याहून जास्त खाली असेल तर जवळपास वादळी प्रणाली असल्याबद्दल फारशी शंका धरू नका. किनाऱ्यावर हा नियम चांगला लागू पडतो. देशावर तो अंदाजाने वापरावा, कारण उन्हाळ्यात जमीन तापल्यामुळेही दाब उतरतो.

चोवीस तासांत एखादा हेक्टापास्कल इकडे-तिकडे झाला तर ते नेहमीचंच आहे. सलग दोन-तीन दिवस थोडा थोडा पण न चुकता उतरत राहिला तर मात्र हवामान विभागाचा नकाशा उघडून बघावा.

८. चक्रीवादळ जवळ येताना दाब कसा वागतो?

चक्रीवादळाच्या केंद्रात दाब सगळ्यात कमी असतो आणि बाहेरून आत जाताना तो आधी हळू, मग कड्यावरून घसरावा तसा उतरतो. जुन्या खलाशांनी याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. केंद्र साधारण ९०० ते २२० किलोमीटर दूर असेपर्यंत दाब हळूहळू उतरतो, पण दहा-चारची रोजची लाट त्यातही ओळखू येते. २२० ते ११०च्या दरम्यान उतरण स्पष्ट होते आणि ती लाट जवळजवळ पुसली जाते. त्याच्या आत दाब धडाधड कोसळतो.

मला यातली दुसरी खूण सगळ्यात मोलाची वाटते. सकाळी सहा ते दहा या वेळात काटा वर चढायलाच हवा. पावसाळ्याच्या तोंडावर किंवा दिवाळीनंतर, कोकणात तुमच्या घरी तो त्या वेळातही उतरत असेल, तर 'किती उतरला' हे विचारत बसू नका, काहीतरी मोठं जवळ आलेलं आहे.

वारा दिशा सांगतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात कमी दाबाभोवती वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ साली मांडलेला नियम असा: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असतो. मे महिन्यात रत्नागिरीला दुपारी खारे वारे समुद्राकडून यायला हवेत. त्याऐवजी भर दुपारी पूर्वेचा वारा जोर धरत असेल तर पाठ पूर्वेला, तोंड समुद्राकडे करा. डावा हात दक्षिणेला जातो. वादळ दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला समुद्रात आहे आणि ते अजून तुमच्या पुढे गेलेलं नाही.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. १ जूनला ते डिप्रेशन (चक्रीवादळाच्या खालची पायरी, नववा प्रश्न बघा) होतं, २ जूनला चक्रीवादळ झालं, ३ जूनला तीव्र चक्रीवादळ होऊन दुपारी जमिनीवर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले, पुढे कित्येक दिवस बाहेरच्या जगाशी संपर्क नव्हता. हवामान विभागाचे इशारे वेळेवर मिळाले होते, त्यांनी पुष्कळ जीव वाचवले. पण वादळ अंगावर असताना, फोन मुका झालेला असताना, 'अजून वाढणार की सरलं?' हे घरात बसून सांगू शकणारी एकच वस्तू होती, भिंतीवरचा बॅरोमीटर. त्याला वीज लागत नाही, रेंज लागत नाही. काटा थांबला आणि चढू लागला की केंद्र पुढे गेलं.

एक इशारा इथेच देतो. केंद्र डोक्यावर आलं तर वारा एकाएकी पडतो, कधी आभाळही उघडतं. लोकांना वाटतं संपलं, ते कौलं बघायला बाहेर पडतात. काटा मात्र तळाशीच असतो. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. काटा तळातून बराच वर येईपर्यंत दार उघडू नका.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात केंद्राचा दाब ९१२ हेक्टापास्कलपर्यंत उतरला होता. माथेरानहूनही उंच चढल्यावर मिळावा इतका कमी दाब समुद्रकिनाऱ्यावर होता. दाब उतरला की खालचं समुद्राचं पाणीही वर येतं, दर हेक्टापास्कलला साधारण एक सेंटिमीटर. वारा किनाऱ्याकडे जे पाणी ढकलतो ते याहून कितीतरी जास्त असतं. दोन्ही मिळून उधाण येतं, आणि तेव्हा नेमकी भरती असेल तर विचारूच नका.

९. बातम्यांत कधी 'कमी दाबाचं क्षेत्र' म्हणतात, कधी 'डिप्रेशन'. फरक काय?

वाऱ्याच्या वेगाचा. भारतीय हवामान विभागाची उतरंड अशी आहे: ताशी ३१ किलोमीटरपेक्षा कमी वारा असेल तर कमी दाबाचं क्षेत्र, ३१ ते ४९ डिप्रेशन, ५० ते ६१ तीव्र डिप्रेशन, ६२ पासून चक्रीवादळ आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. ८९ पासून तीव्र चक्रीवादळ, ११८ पासून अतितीव्र, १६६ पासून त्याहून वरचा वर्ग आणि २२१च्या पुढे महाचक्रीवादळ. बंदरावर 'तीन नंबरचा बावटा लागला' असं कोळी बांधव म्हणतात तो याच इशाऱ्यांचा भाग आहे. बावटा लागला की होडी किनाऱ्यालाच, यात तडजोड नको. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' वादळ कोकणावर आलं तेव्हा मच्छीमारांवर जो घाला पडला तो अजून कुणी विसरलेलं नाही.

१०. बंगालच्या उपसागरात कमी दाब झाला तर पाऊस आमच्या विदर्भात कसा?

पावसाळ्यात गंगानगरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा पसरलेला असतो. त्याच्या मध्यरेषेला मॉन्सूनचा आस म्हणतात. ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यालगत तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रं या पट्ट्याच्या आधाराने पश्चिम-वायव्येकडे, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाकडे सरकतात. त्यांच्या नैर्ऋत्येकडच्या भागात पाऊस सगळ्यात जोराचा असतो आणि त्या वाटेवर नैर्ऋत्येला विदर्भ येतो. शिवाय असं क्षेत्र जोरात असलं की अरबी समुद्रावरचा पश्चिमेचा वारा त्याच्याकडे ओढला जातो, तो सह्याद्रीला धडकतो आणि कोकण-घाटमाथ्यावरही पाऊस वाढतो. मराठवाड्याला मात्र अनेकदा वाट बघत राहावं लागतं.

आस उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की तिकडे पूर आणि इकडे उघडीप. ऑगस्टमध्ये सोयाबीन माना टाकतं तेव्हा बातमीत 'आस कुठे आहे' तेवढं वाचा, पावसाची वाट किती दिवस बघायची याचा अंदाज येतो.

या सगळ्याच्या मुळाशीही दाबाचाच उतार आहे. जूनमध्ये दक्षिण हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला, मॅस्करीन बेटांजवळ, दाब १०२०च्या वर असतो आणि वायव्य भारत-पाकिस्तानवर तो हजाराच्या खाली जातो. हवा तिकडून इकडे वाहते. समभार रेषा, म्हणजे सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, नकाशावर जितक्या दाटीने असतील तितका वारा जोराचा.

११. वळवाच्या पावसात दाब उतरायच्या ऐवजी झटकन वाढला. असं कसं?

तुमची नोंद बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये उकाडा असह्य होतो, दुपारी ढग चढतात, मग अचानक गार वारा सुटतो, मातीचा वास येतो आणि थेंब टपोरे पडू लागतात. तो गार वारा ढगाच्या आतून खाली कोसळलेला असतो. पडणाऱ्या पावसाचं थोडं बाष्प होताना हवा थंड होते, थंड हवा जड, ती जमिनीवर आपटून पसरते. ती तुमच्या घरावर पोहोचते त्या क्षणी तापमान धाडकन उतरतं आणि दाब काही मिनिटांत दोन-तीन हेक्टापास्कलने उडी मारतो. मोबाईलमधल्या आलेखात ही उडी फार सुरेख दिसते. अर्धा-एक तासाने सगळं पूर्ववत होतं.

म्हणजे वळवाची पूर्वसूचना बॅरोमीटर देत नाही, तो पोचपावती देतो. वीज, गारपीट यांच्यासाठी आभाळाकडे आणि रडारकडेच बघायला हवं.

१२. ढगफुटीसारखा पाऊस तरी आधी कळेल का?

घरच्या बॅरोमीटरवरून नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इतका पाऊस ढगांच्या छोट्या समूहातून, एकाच जागी साचून पडतो. पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्यात जो कमी दाबाचा पट्टा असतो तो इतका उथळ असतो की एका घरातल्या काट्यात तो वेगळा ओळखता येणार नाही. त्यासाठी अनेक ठिकाणच्या नोंदी एका नकाशावर याव्या लागतात.

१३. हिवाळ्यात दाब जास्त असतो, तेव्हा काय समजायचं?

खाली बसणारी हवा, निरभ्र रात्र, जमिनीची ऊब आभाळात निसटणं, पहाटे धुकं आणि दव. दाब चढता असेल आणि वारा उत्तरेचा, तर निफाडला तापमान उतरणार. द्राक्ष बागायतदार तेव्हा शेकोट्या करतात. अशाच दिवसांत शहरातला धूरही वर न जाता जमिनीलगत कोंडतो.

१४. वर्षाच्या पावसाचा अंदाजही दाबावरून करतात म्हणे?

त्याची सुरुवात आपल्याकडेच झाली. १८६४च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळानंतर आणि लागोपाठच्या दुष्काळांनंतर १८७५ साली भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर त्याचे प्रमुख म्हणून आले. ते मुळात गणिती. जगभरच्या वेधशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहताना त्यांना दिसलं की प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, आणि उलट. लहान मुलांच्या सी-सॉसारखं. आज तो ताहिती आणि ऑस्ट्रेलियातल्या डार्विन या दोन ठिकाणांच्या दाबातल्या फरकावरून मोजतात. डार्विनला दाब नेहमीपेक्षा जास्त आणि ताहितीला कमी असेल तर ती एल निनोची (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची) बाजू, आपल्या मॉन्सूनला बहुधा वाईट. २००२ आणि २००९ साली तसं झालं. पण १९९७ साली एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका पडला. म्हणून एल निनोचं नाव ऐकून पेरणीच रद्द करू नये, असं मी आमच्या गावाकडच्या मंडळींना दरवर्षी सांगतो.

पुण्याचा याच्याशी जुना संबंध आहे. १९२८ साली हवामान विभागाचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरला त्या इमारतीला आजही 'शिमला ऑफिस' म्हणतात. हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी १९४८ साली पुण्यात रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणं देशातच बनावीत म्हणून त्यांनी झटून काम केलं.

१५. मोबाईलमधला बॅरोमीटर चालतो का?

चांगला चालतो. अनेक फोनांत तो असतो, सगळ्यांत नाही. तो इतका संवेदनशील असतो की एक जिना चढल्याचाही फरक दाखवतो. तेच त्याचं दुखणं आहे. फोन तुमच्याबरोबर फिरतो, लिफ्टने जातो, घाट चढतो. मुंबईहून लोणावळ्याला गेलात तर दाब सुमारे ७० हेक्टापास्कलने उतरलेला दिसेल आणि आभाळात काहीही घडलेलं नसेल. नोंद एकाच जागी, एकाच मजल्यावर करा. एसीची खोली असली तरी हरकत नाही, घरातला आणि बाहेरचा दाब सारखाच असतो.

ट्रेकला याचा उलट उपयोग होतो. रात्री मुक्कामाला तंबूत, दाबावरून उंची सांगणाऱ्या घड्याळातली उंची नोंदवून ठेवा. सकाळी घड्याळ तीच जागा वीस-पंचवीस मीटर उंच दाखवू लागलं, तर तुम्ही हललेला नाहीत, दाब उतरला आहे. आणि पावसाळ्यात रतनगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर असाल तर ओढा ओलांडायचा की नाही हे ठरवायला ही माहिती उपयोगी पडते.

१६. दाब उतरला की गुडघे दुखतात, हे खरं का?

पुष्कळ लोकांना तसा अनुभव येतो आणि तो मी खोटा म्हणणार नाही. संशोधनाचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. लोणावळ्याचा घाट चढताना दाब कुठल्याही पावसाळी दिवसापेक्षा कितीतरी जास्त उतरतो. तेव्हाही गुडघा दुखतो का, हे स्वतः पाहावं.

१७. नवा घ्यायचा तर कुठला, आणि लावायचा कुठे?

पाऱ्याचा घेऊ नका. जुन्या बाजारात तो देखणा मिळतो, पण फुटला तर पारा विषारी असतो, घरात लहान मुलं असतील तर अजिबात नको. ॲनेरॉइड घ्या. त्यात हवा काढून घेतलेली पत्र्याची चपटी डबी असते, दाबाने ती चेपते-फुगते आणि तरफांनी काटा हलतो. ही रचना १८४४ पासून जवळपास तशीच आहे. पुणे, नाशिक, सातारा, बेळगाव इथे राहत असाल तर दुकानदाराला आधी विचारा, की मागचा स्क्रू साडेपाचशे-आठशे मीटर उंचीला जुळवता येतो का. सगळ्यांचा येत नाही.

भिंत आतली, सावलीची निवडा. खिडकीतून ऊन पडत असेल तर पत्रा तापून आकडा चुकतो. वाचण्याआधी काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारा, अडकलेला काटा जागेवर येतो, आणि टिचकीसरशी तो कुठल्या बाजूला सरकला तेही वहीत लिहा.